मोनार्कचे टॅग आणि उलटं वारं : थांबावं की मिळेल त्याला लावावेत?

सईची_आई, १३ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला राहतो. लेकीच्या वर्गाने यंदा मोनार्क फुलपाखरांना (हिवाळ्यासाठी मेक्सिकोला जातात ती केशरी) टॅग लावायचं मनावर घेतलंय आणि बाईंनी पालकांपैकी मलाच घोड्यावर बसवलंय. ही नोंद ठेवणाऱ्या मोनार्क वॉच या उपक्रमाकडून कोड छापलेल्या २५-२५ चिकट टॅगांचे दोन ताव आलेत. जाळी आली, मुलांचा उत्साह तर विचारूच नका. फुलपाखरंच तेवढी यायची आहेत.

सप्टेंबर अर्धा होत आला तरी ऊन मे महिन्यासारखं. वारं रोज दक्षिणेकडून. झिनियांवर मोनार्क दिसतात, पण तुरळक, आणि तीच तीच असावीत अशी शंका येते. शेजारचे आजोबा वर्षानुवर्षं हे सगळं बघत आलेत. ते म्हणतात, "उत्तरेचं थंड वारं सुटू दे, एका दिवसात झाडं भरतील. तोवर उगाच हात लावू नका." बाई म्हणतात, कार्यक्रम शाळेच्या कॅलेंडरात छापलाय, तो पुढे ढकलता येणार नाही.

तर प्रश्न असा की हवा बदलायची वाट बघावी का? आत्ता टॅग लावलेलं फुलपाखरू या उलट्या वाऱ्यात मेक्सिकोपर्यंत पोचतं तरी का? आणि खरं सांगायचं तर, हवेचा या सगळ्या प्रवासावर नेमका किती परिणाम होतो? मुलं विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

खारीक

पन्नास टॅग म्हणजे पन्नास बारशी. कोडऐवजी नावं ठेवता येतात का बघा, आमच्याकडे 'पिंट्या' शिल्लक आहे.

कॅन्ससकर

सईची_आई, थांबू नका. जे धडधाकट फुलपाखरू हाती लागेल त्याला लावा.

मी लॉरेन्सजवळ राहतो. मोनार्क वॉच इथलंच. कॅन्सस विद्यापीठात चिप टेलर यांनी १९९२ मध्ये सुरू केलं. टेलर यांनी लोकांनी पाठवलेल्या टॅगिंगच्या नोंदींवरून दाखवलंय की एखाद्या गावातून मोनार्कचा लोंढा कधी जाणार हे मुख्यतः दुपारच्या सूर्याच्या उंचीशी जुळतं. मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ५७ अंशांवर आला की पहिली फुलपाखरं हलायला लागतात, ४६ अंशांपर्यंत खाली गेला की बहुतेक निघून गेलेली असतात. ऑगस्टअखेर विनिपेगच्या बाजूला, सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे, मग आमच्याकडे, ऑक्टोबरात टेक्सास. वारं कुठलंही असो, सूर्य दर वर्षी त्याच तारखेला त्याच उंचीवर येतो. त्यामुळे तुमचा हंगाम आत्ताच चालू आहे. दक्षिणेच्या वाऱ्यात ती उडत नाहीत, फुलांवर बसून चरबी साठवतात. म्हणजे पकडायला उलट सोपी.

दुसरं, उशिरा टॅग लावलेली फुलपाखरं मेक्सिकोत कमी सापडतात. हंगामाच्या पहिल्या भागात टॅग लागलेल्यांची शक्यता जास्त. थंड वाऱ्याची वाट बघत महिना संपवलात तर शेपटाकडची मंडळी मिळतील. त्यांना पुढे टेक्सासात फुलंही मिळत नाहीत आणि दिवसही.

शाळेचं कॅलेंडर बरोबर आहे, असं बाईंना सांगा. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय.

केपमेचे_जोशी

कॅन्ससकर, तुमच्या सपाट मुलखात ते खरं असेल. आम्ही न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, इथं शेजारच्या आजोबांचंच राज्य आहे.

केप मे हे टोक तीन बाजूंनी पाण्यात. थंड हवेची आघाडी येऊन गेली, वायव्येचं वारं सुटलं की वाऱ्यानं किनाऱ्याकडे ढकललेली मोनार्क टोकाशी येऊन साचतात. पुढे डेलावेअरचा उपसागर ओलांडायचा असतो. वारं प्रतिकूल असेल तर ती देवदारांवर, गोल्डनरॉडवर मुक्काम ठोकतात. इथं १९९० च्या आसपासपासून रोज ठरलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊन मोनार्क मोजतात. काल चार दिसली आणि आज हजारो, असे दिवस आम्ही बघतो. सूर्य काल आणि आज सारखाच होता की!

कॅन्ससकर

जोशीबुवा, मान्य. सूर्याच्या उंचीवरून कुठला पंधरवडा ते कळतं, त्यातला कुठला दिवस ते वाऱ्यावरून. पण तुमच्या किनाऱ्यावर टॅग लागलेली मेक्सिकोत कमी सापडतात आणि मध्यपश्चिमेची जास्त, हेही खरं ना?

केपमेचे_जोशी

खरं आहे. त्याचं दुःख आम्ही दर मार्चमध्ये मेक्सिकोत सापडलेल्या टॅगांची यादी बघून करतो.

रुईचं_पान

पुण्याहून लिहितोय, मोनार्क कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण त्याचे चुलते आपल्याकडे घरोघरी आहेत. प्लेन टायगर म्हणजे रुईवर अंडी घालणारं केशरी फुलपाखरू, आणि स्ट्राइप्ड टायगर, ही दोन्ही मोनार्कच्याच डॅनॉस कुळातली. मारुतीला वाहायची रुई आणि तुमचं मिल्कवीड, म्हणजे मोनार्कच्या अळ्या जे खातात ते झाड, हेही एकाच घराण्यातले, चीक तोच, विषही त्याच जातीचं.

मला उत्सुकता अशी की एवढासा जीव उलट्या वाऱ्यात काय करतो? वजन किती, टॅगचं ओझं किती?

कॅन्ससकर

वजन साधारण अर्धा ग्रॅम. टॅग ९ मिलिमीटरचा गोल प्लास्टिकचा, फुलपाखराच्या वजनाच्या शेकडा दोनच्या आसपास. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला हातमोज्याच्या आकाराचा एक मोठा कप्पा असतो, तिथं बसवायचा. तो तोलाच्या मध्याजवळ येतो. दोन-तीन सेकंद अंगठ्यानं दाबून धरायचं, की झालं. खवले थोडे निघतात, त्यानं बिघडत नाही.

उडायचं म्हणाल तर पंख मारत चार हजार किलोमीटर जाणं या इंधनात शक्यच नाही. गिधाडं करतात तेच करतात, वर चढणाऱ्या गरम हवेत घिरट्या घेत उंच जातात आणि मग तरंगत दक्षिणेकडे उतरतात. म्हणून निरभ्र दिवस आणि उत्तरेचं मंद वारं ही त्यांची चैन. जोरदार उलटं वारं असलं की जमिनीजवळ, झाडांच्या आडोशानं थोडं थोडं सरकतात, नाहीतर सरळ बसून राहतात. अंग १३ अंश सेल्सियसच्या खाली असलं तर नीट उडताच येत नाही. सईची_आई, हे मुलांना नक्की सांगा: गार सकाळी, पावसात पकडायचं नाही. टॅग लावून सोडलं की दगडासारखं खाली पडतं आणि मुंग्या वाट बघत असतात.

शंकासुर

मी आलो. मला या सगळ्यात एक मूलभूत अडचण दिसते.

टॅग लावायचा शिकागोत, सापडणार मेक्सिकोच्या डोंगरात, तोही मेलेल्या फुलपाखरावर. मधल्या प्रवासात हवेनं काय केलं हे त्या टॅगला काय ठाऊक? शंभरात किती सापडतात? एक? मग बाकीच्या नव्व्याण्णवांना उगाच जाळ्यात पकडून त्रास कशाला? मुलांना घराबाहेर काढायचं निमित्त म्हणून ठीक, विज्ञान म्हणू नका.

खारीक

आला, आला. मी वाटच बघत होतो. चहा टाकतो.

टोरांटोकर

शंकासुर, हा प्रवास आहे हेच मुळी टॅगमुळे कळलं.

टोरांटो विद्यापीठातले फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा या दोघांनी आयुष्य घालवलं या एका प्रश्नात, की आमची मोनार्क हिवाळ्यात जातात कुठं. सुरुवातीचे टॅग टपालाच्या तिकिटासारखे, मागं डिंक लावलेले होते. ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळी थव्यांना लावून बघितले आणि रात्री पाऊस झाला. सकाळी टॅग जमिनीवर! म्हणजे धागाकर्तीच्या प्रश्नाला सगळ्यात जुनं उत्तर हेच की हवेचा पहिला परिणाम डिंकावर झाला. मग दुकानात काचेच्या वस्तूंवर किमतीची चिठ्ठी चिकटवतात तसला गोंद त्यांनी शोधला. १९५२ मध्ये लोकांना हाक दिली, शेकडो हौशी माणसं जोडली गेली. परत सापडलेल्या टॅगांच्या रेघा नकाशावर ओढल्या, त्या टेक्सासकडे आणि पुढे मेक्सिकोकडे झुकायला लागल्या.

२ जानेवारी १९७५ ला केन ब्रुगर आणि मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये वाढलेली कातालिना आग्वादो यांना सेरो पेलोनच्या डोंगरावर मोनार्कनी लगडलेली झाडं सापडली. (ब्रुगर रंगांधळे होते. लाखो केशरी फुलपाखरं आणि बघणाऱ्याला केशरीच दिसत नाही.) गावकऱ्यांना ती आधीपासून माहीत होतीच म्हणा, शोध लागला तो बाहेरच्यांना. पुढच्या जानेवारीत अर्कहार्ट स्वतः वर चढले. फुलपाखरांच्या भारानं एक फांदी मोडून त्यांच्यासमोर पडली, आणि त्या ढिगात पांढरा टॅग असलेलं एक निघालं. मिनेसोटातल्या चास्का गावी एका शिक्षकानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी लावलेलं.

सईच्या वर्गाला ही गोष्ट नक्की सांगा.

सईची_आई

टोरांटोकर, अंगावर काटा आला. उद्याच सांगते.

शंकासुर

इतिहास सुंदर आहे. पण १९७५ मध्ये ठिकाण सापडलं. त्यानंतरची पन्नास वर्षं कशासाठी? माझा प्रश्न हवेबद्दल होता.

कॅन्ससकर

रास्त प्रश्न आहे, आणि उत्तर जरा लांब आहे.

मेक्सिकोत दर हिवाळ्यात फुलपाखरांनी झाकलेलं जंगल हेक्टरांत मोजतात. १९९६-९७ ला १८ हेक्टरांहून जास्त, २०१३-१४ ला ०.६७. २०२३-२४ ला ०.९०, २०२४-२५ ला १.७९. ही घसरण का, यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, उन्हाळ्यात पैदास होते तिथलं मिल्कवीड गेलं. तणनाशक सोसणारं सोयाबीन आणि मका आला, शेतातलं सगळं मिल्कवीड साफ झालं. दुसरा म्हणतो, पैदास ठीक आहे, पण वाटेतच जास्त मरतात.

हा वाद सोडवायला टॅगच लागले. १९९८ ते २०१५ मधल्या १३ लाखांहून जास्त टॅगांचा हिशेब टेलर आणि मंडळींनी २०२० मध्ये मांडला. त्यातले सुमारे १४ हजार मेक्सिकोत सापडले होते. म्हणजे तुमचं शंभरात एक बरोबर. वाटेतली मरतूक वर्षागणिक वाढत असती तर सापडण्याचं प्रमाण घटत गेलं असतं. तसं घटलेलं दिसलं नाही. एकट्या टॅगला काही ठाऊक नसतं, पण लाखांना असतं.

आता हवा. २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात २००४ ते २०१८ च्या नोंदी तपासल्या. त्यात सगळ्यात मोठा हात निघाला पैदाशीच्या काळातल्या, म्हणजे वसंत आणि उन्हाळ्यातल्या, तापमान-पावसाचा. मिल्कवीडचा मोठा संहार त्याआधीच होऊन गेला होता. उदाहरण २०१२. मार्चमध्येच अर्ध्या अमेरिकेत उन्हाळा आला, मोनार्क घाईनं उत्तरेकडे गेली, मग रखरखीत उन्हाळा. त्या हिवाळ्यात १.१९ हेक्टर, आणि पुढच्या हिवाळ्यात ते ०.६७.

सईच्या मुलांनी विचारलं तर सांगा की सप्टेंबरच्या वाऱ्यापेक्षा मार्च ते ऑगस्टचं ऊन-पाऊस जास्त महत्त्वाचं.

टेक्सासतात्या

कॅन्ससकर, तुम्ही ऑक्टोबर विसरलात. विसरणारच, तोवर ती तुमच्याकडून गेलेली असतात.

ऑस्टिनला या. कॅनडापासून रॉकी पर्वतांच्या अलीकडून येणारा सगळा लोंढा इथं टेक्सासच्या मधल्या पट्ट्यात आवळला जातो. इथली फ्रॉस्टवीड, गोल्डनरॉड फुलली असली तर फुलपाखरं इथंच चरबीचा साठा करतात, आणि तोच साठा त्यांना हिवाळाभर पुरवायचा असतो. कारण तिकडे डोंगरात फुलं नावालाच. २०११ च्या दुष्काळात आमच्याकडे रानात फूल म्हणून नव्हतं. नदीकाठच्या पट्ट्यात तेवढी दिसायची. तुमचं वारं अनुकूल असून काय करता, वाटेतली खानावळच बंद.

परसात आम्ही म्हणूनच मिल्कवीड लावलंय. केशरी-पिवळ्या फुलांचं, आपल्याकडे ज्याला हळदीकुंकू म्हणतात ना, तेच. डिसेंबरातसुद्धा अळ्या असतात त्यावर!

रुईचं_पान

तात्या, हळदीकुंकू आपल्याकडेही बाहेरूनच आलेलं, मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं. पण तुमच्याकडे ते लावू नये असं वाचलंय?

कॅन्ससकर

तात्या, ते उपटा किंवा ऑक्टोबरच्या आधी जमिनीलगत छाटा.

तिथलं देशी मिल्कवीड थंडीत वाळून जातं, त्याबरोबर पानांवरचे परजीवीचे बीजाणूही जातात. ओई नावाचा तो परजीवी. हळदीकुंकू तुमच्या गरम हिवाळ्यात वाळत नाही. बीजाणू साठत जातात, पुढची प्रत्येक पिढी जास्त आजारी. शिवाय ज्या मादीनं मेक्सिकोला जायचं, ती हिरवं मिल्कवीड बघून तिथंच अंडी घालत बसते.

टेक्सासतात्या

मी डिसेंबरात अळ्या बघतो, फुलपाखरं उडताना बघतो, धडधाकट असतात. आणि तुमच्या त्या देशी मिल्कवीडचं रोप आमच्याकडे कुठल्या नर्सरीत मिळत नाही. बोलणं सोपं आहे.

खारीक

तात्या, संक्रांतीचं हळदीकुंकू ऑक्टोबरातच उरकून घ्या, म्हणजे दोघांचंही समाधान.

टेक्सासतात्या

छाटतो. उपटणार नाही. छाटतो.

बे_एरिया_बबन

पश्चिमेकडचे वेगळे नियम कुणी सांगितले नाहीत म्हणून सांगतो, नाहीतर कुणी हा धागा वाचून इथं जाळं घेऊन निघेल. कॅलिफोर्नियात राज्याच्या वन्यजीव खात्याच्या परवान्याशिवाय मोनार्कला हात लावायचा नाही. टॅग नाही, अळ्या घरात पाळणंही नाही.

आमची बहुतेक मेक्सिकोला जात नाहीत. पॅसिफिक ग्रोव्ह, सांता क्रूझ, पिझ्मो बीच अशा किनाऱ्यावरच्या निलगिरी आणि सायप्रसच्या राईत हिवाळा काढतात. कीटकांच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या झर्सेस सोसायटीची मंडळी १९९७ पासून दर नोव्हेंबरात मोजतात. २०२० ला सगळा किनारा मिळून दोन हजारांच्या आत. संपलं म्हणून लोक रडले. २०२१ ला जवळजवळ अडीच लाख! २०२४ ला पुन्हा नऊ हजारांवर. याचं एका ओळीत कारण देणारा माणूस भेटला की मी दोन पावलं मागं सरकतो.

शंकासुर

बबन, हा धाग्यातला पहिला प्रतिसाद जो मला पूर्ण पटला.

मीनल_म

मी मेक्सिकोत एल रोसारिओला, मोनार्कच्या हिवाळी वसाहतीत, जाऊन आलेय. हवेचा परिणाम बघायचा असेल तर तिथं बघावा, म्हणून लिहिते.

अंगांगुएओ गावातून वर जायचं, तीन हजार मीटरच्या आसपास ओयामेल नावाच्या देवदारांचं जंगल. सकाळी गेलो तेव्हा फांद्या करड्या-तपकिरी, वाळक्या पानांनी लगडल्यासारख्या. ऊन पडलं आणि त्या फांद्या केशरी झाल्या. मग हजारोंनी उठून पाणी प्यायला खाली. एवढ्यात एक ढग आला. उन्हावर पडदा पडताक्षणी जी बसली होती तीही सगळी एकदम उडाली आणि झाडांकडे परतायला लागली. सावलीत अंग गार पडलं तर जमिनीवरच अडकायला होईल, म्हणून. त्या वेळी पंखांचा आवाज ऐकू येतो, पावसाच्या सुरुवातीसारखा. आमचा गाईड म्हातारा होता, त्यानं टोपी काढली होती.

त्यानंच २००२ च्या जानेवारीचं सांगितलं. आधी पाऊस, मग आभाळ निवळून कडाक्याची थंडी. रोसारिओ आणि सिएरा चिंकुआ या दोन मोठ्या वसाहतींत शेकडा ७५ ते ८० फुलपाखरं मेली. जमिनीवर काही ठिकाणी गुडघ्याच्या खालपर्यंत थर होता म्हणतो.

कॅन्ससकर

त्याचं कारण बरंच तपासलं गेलंय. कोरडं मोनार्क उणे ८ अंशांच्या जवळपास तग धरतं. तेच भिजलेलं असेल तर उणे ४ लाच निम्मी मरतात. म्हणून दाट जंगल त्यांना छत्रीही आणि गोधडीही, असं मोनार्कचे अभ्यासक लिंकन ब्राउवर आणि सहकारी सांगत आले. वरून पाऊस अडवतं, रात्रीची ऊब धरून ठेवतं. झाडं विरळ झाली की छत्रीला भोक पडतं. मार्च २०१६ च्या वादळात तर वाऱ्यानं झाडंच आडवी केली, आणि फुलपाखरं परतीला निघायच्या तोंडावर.

आणि शंकासुर, तुमच्यासाठी खास: २००२ च्या त्या मरतुकीमुळे त्या वर्षी टॅग भरमसाट सापडले. सापडलेले टॅग नुसते मोजले तर ते वर्ष उत्तम दिसेल!

शंकासुर

हेच मी म्हणत होतो! जास्त टॅग सापडले म्हणजे जास्त पोचली की जास्त मेली? शिवाय टॅग शोधणाऱ्या गावकऱ्यांना पैसे मिळतात. ज्या वर्षी शोधणारे जास्त, त्या वर्षी टॅग जास्त.

कॅन्ससकर

हो, आणि म्हणूनच हिशेब करताना वर्षावर्षाची नुसती बेरीज बघत नाहीत. एकाच वर्षातली तुलना जास्त भरवशाची: लवकरची विरुद्ध उशिराची, पूर्वेची विरुद्ध मध्यपश्चिमेची, रानातली विरुद्ध घरी वाढवलेली. मेक्सिकोत शोधणारे त्या वर्षी कितीही असोत, दोन्हींना सारखेच.

सईची_आई, यावरून आठवलं. अर्जावर 'रानातलं की पाळलेलं' असा रकाना आहे, तो नीट भरा. वर्गात कोषातून काढलेली कमी सापडतात. २०१९ च्या एका अभ्यासात विकत मिळणाऱ्या वाणाची फुलपाखरं दक्षिणेकडे तोंडच करेनात. मुलांना शिकवायला दोन-चार वाढवा, शेकड्यानं नको.

रुईचं_पान

बरं, ती परत उत्तरेला का वळतात? मेक्सिकोत वसंत आला हे कळतं कसं?

कॅन्ससकर

थंडीमुळे. मिशांमधलं घड्याळ आणि सूर्य यांची सांगड घालून ती दिशा धरतात. २०१३ मध्ये गुएरा आणि रेपर्ट यांनी शरदातली फुलपाखरं पकडून काही आठवडे गार ठेवली, तर त्यांनी दिशा उलटी करून उत्तर धरली. ज्यांना गारवा मिळाला नाही ती दक्षिणेकडेच जात राहिली. म्हणजे त्या डोंगरातली थंडी मारतेही आणि परतीचा रस्ताही दाखवते. हिवाळा फार ऊबदार झाला तर काय, याची काळजी आता लोकांना आहे.

रुईचं_पान

आपल्याकडे डार्क ब्लू टायगर आणि क्रो जातीची फुलपाखरं पावसाच्या तालावर जातात. नैऋत्य मोसमी पाऊस यायच्या सुमाराला पश्चिम घाटातून पूर्वेकडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरला परत. कृष्णमेघ कुंटे यांनी यावर लिहिलंय. दक्षिणेत कधी कधी रस्ता ओलांडणारे थवे तासन्‌तास दिसतात. मोनार्कसारखी लाखभर टॅगांची नोंद मात्र आपल्या हाताशी नाही. लोक फोटो टाकतात, तारीख-ठिकाण लिहितात, त्यावरच भिस्त.

मीनल_म

पितृपंधरवडा चालू आहे म्हणून एक अवांतर. मिचोआकानमध्ये ही फुलपाखरं १-२ नोव्हेंबरच्या सुमारास पोचतात, नेमकी त्यांच्या मृतांच्या दिवसाला. तिथले पुरेपेचा आणि माझाहुआ लोक म्हणतात, गेलेली माणसं परत आली.

खारीक

आपल्याकडे कावळा. त्यांची चंगळ आहे. आमचे आजोबा कावळ्याच्या रूपात येऊन भज्यांना नावं ठेवून जातात.

सईची_आई, २६ सप्टेंबर

मंडळी, हवा बदलली!

शाळेचा कार्यक्रम ठरल्या दिवशीच केला, त्याच उकाड्यात. फुलपाखरं थोडी होती पण कॅन्ससकर म्हणाले तसं, फुलांवर सुस्त बसलेली, मुलांच्या हाती लागली. पहिल्यांदा टॅग दाबताना सईचा हात इतका कापत होता की बाईंनी तिचा अंगठा धरला. नर ओळखायला मुलं पटकन शिकली, मागच्या पंखावरचा काळा ठिपका. एका मुलानं विचारलं, मेक्सिकोत त्याला कुणी पकडलं तर व्हिसा लागेल का? बाई हसल्या नाहीत. त्याचे आईवडील तिकडचे आहेत.

मग परवा रात्री विजा, पाऊस, आणि सकाळी उत्तरेचं वारं. शेजारच्या आजोबांनी सात वाजताच दार वाजवलं. त्यांच्या मेपलच्या आडोशाच्या बाजूला गुच्छच्या गुच्छ लटकले होते. गार होतं म्हणून आम्ही हात लावला नाही, कॉफी पीत उभे राहिलो. ऊन आलं, पंख उघडमीट करायला लागली, तेव्हा थोड्यांना लावले. दहापर्यंत झाड रिकामं. एक ताव संपला, दुसऱ्यातले काही उरलेत.

तर आजोबाही बरोबर, बाईही. शंकासुर, तुमचं काय म्हणणं?

शंकासुर

उरलेले टॅग वाया घालवू नका म्हणणं. आणि प्रत्येक नोंदीसोबत वारं कुठलं होतं तेही वहीत लिहून ठेवा. अर्जात त्याला जागा नसली तरी.

केपमेचे_जोशी

शंकासुर जाळं कधी विकत घेतोय यावर आता पैज लावायला हरकत नाही.

बे_एरिया_बबन, १९ नोव्हेंबर

धागा वर काढतोय. बातमी वाचली का? ६० मिलिग्रॅमचे, सौर ऊर्जेवर चालणारे रेडिओ टॅग यंदा मोनार्कवर बसवलेत. त्यांचा सिग्नल लोकांच्या खिशातले फोनसुद्धा टिपतात. एकेका फुलपाखराचा जवळजवळ सगळा रस्ता नकाशावर. वाऱ्यानं भरकटलं, पुन्हा रस्त्यावर आलं, सगळं दिसतंय.

शंकासुर

६० मिलिग्रॅम म्हणजे फुलपाखराच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त. ओझ्याचा प्रश्न आता खरा झाला. पण उलट्या वाऱ्यात ते काय करतं, याचं सरळ उत्तर यातूनच मिळेल. साध्या टॅगातून मिळणार नव्हतं.

कॅन्ससकर

दोन्ही लागतील. हा महागडा टॅग मोजक्यांना लागणार, तो एकाचा रस्ता सांगेल. किती पोचली याचा अंदाज पाचवीतल्या मुलांनी लावलेल्या टॅगांवरूनच येणार. सईची_आई, नोंदी पाठवल्यात ना?

सईची_आई

पाठवल्या. मुलं रोज विचारतात, "मिळाला का?" मार्चनंतर यादी बघू, असं सांगून थकले.

दुसरी अडचण: आजोबांनी देशी मिल्कवीडच्या शेंगा दिल्यात, पिशवीभर. वर्गातल्या सगळ्यांना देऊन उरेल. तात्या, तुम्हाला पाठवू का? रोप मिळत नाही म्हणाला होता.

कॅन्ससकर

पाठवू नका. ते उत्तरेतलं बियाणं, ऑस्टिनच्या उन्हात टिकायचं नाही. तात्यांनी तिकडची जात घ्यावी, अ‍ॅन्टेलोपहॉर्न. बी मिळतं, रोप मिळत नसलं तरी. तुमचं आत्ताच जमिनीत टाका, हिवाळाभर गारठलं की वसंतात उगवेल.

टेक्सासतात्या

बी घेतो. पण आमच्याकडे हिवाळा कुठला, गारठायला?

कॅन्ससकर

ओल्या कागदात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा. वरती मोठ्या अक्षरात लिहा.

टेक्सासतात्या

काय लिहू?

खारीक

"तीळ नव्हेत." संक्रांत जवळ आलीय.